ओळीचं शेपूट

मंडळी, भरवसा ठेवावा कोणावर? नीटनेटकं दिसतं त्यावर, की चालतं त्यावर?

सांगलीचे अडते मल्लाप्पाशेठ चौथी शिकलेले. त्यांच्या पेढीचा हळदीच्या सौद्यांचा संगणक-प्रोग्राम पेढीवरच्या रेवतीनं लिहिलेला. मोठ्या शहरातून सल्लागार कर्णिकसाहेब आले नि कडाडले, "ओळीच्या शेवटी अर्धविराम नाहीत! हिला आजच काढा."

"साहेब, संगणकाच्या या भाषेत ते लागत नाहीत," रेवती म्हणाली.

"मी आतलं वाचत नाही. ओळीचं शेपूट पाहिलं की माणूस कळतो!"

शेठनी नाइलाजानं मान डोलावली. एवढा शिकलेला माणूस चुकीचं कसं सांगेल?

रेवतीनं दुसरा प्रोग्राम पुढं केला. पानभर चिन्हंच चिन्हं, प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम.

"वा! याला म्हणतात शिस्त."

"मग चालवा की."

साहेबांनी चालवला. पडदा कोराच राहिला.

"ही भाषा मी गंमत म्हणून बनवलीय, साहेब. हिच्यात नुसती विरामचिन्हं, आणि प्रत्येकाचा हुकूम एकच, काही करू नकोस. आमच्या बाजारात हळकुंड मोडून बघतात; नुसतं टोक बघून कोणी घेत नाही."

पेढीवर हशा पिकला. शेठनी हात जोडले. "पोरी, तीन वर्षांत एकही सौदा चुकला नाही, ते तुझ्यामुळं. हे आज पहिल्यांदा बोलतोय, ही चूक माझी."

तेव्हा मंडळी, पैशाचा हिशेब मुनीम बघेल. उपकारांचा तेवढा तुम्ही स्वतः खरा ठेवा.