सव्वीस जणांचा एकच राग

एका गावात पिठाची एक गिरणी होती आणि गिरणीवाल्याला एकुलती एक लेक होती. ती बारावीत होती. गावची शाळा तशी चार शाळांसारखीच, पण तिथे एक जगावेगळा विषय शिकवत: मानसशास्त्र. माणसाला राग का येतो, भीती कशी बसते, विसरलेलं जातं कुठे, असलं सगळं. गावातल्या मोठ्या माणसांना हा विषय म्हणजे पोरांचे लाड वाटायचे. "मन काय शिकायचंय? ते असतंच ना प्रत्येकाकडे!" असं ते म्हणत.

गिरणीवाल्याच्या लेकीला मात्र हा विषय जीव की प्राण होता, आणि त्याला कारण होतं. तिची आत्या दोन वर्षं कोणाशी एक अक्षर बोलली नव्हती. अंगारेधुपारे झाले, समजावून झालं, ओरडून झालं. मग तालुक्याच्या गावाहून एक डॉक्टरीणबाई आल्या आणि आत्याशेजारी तीन दुपारी नुसत्या बसून राहिल्या. तिसऱ्या दुपारी आत्या म्हणाली, "चहा टाकू का?" त्या दिवशी मुलीने ठरवलं, आपण हेच शिकायचं.

या डॉक्टरीणबाई दर वर्षी शाळेतल्या एका, फक्त एका विद्यार्थ्याला आपल्या दवाखान्यात शिकायला नेत. राहणं त्यांच्याकडे, पुढचं शिक्षण त्यांच्याकडे. निवड व्हायची ती बारावीच्या मानसशास्त्राच्या शेवटच्या पेपरवरून. म्हणजे संधी एकदाच. मुलीने वर्षभर गिरणीच्या खडखडाटात बसून अभ्यास केला होता.

त्या पेपरची एक रीत होती. तीन तास झाले की घंटा व्हायची, पण उत्तरपत्रिका कोणी गोळा करत नसे. मुलांनी ती घेऊन तासभर शाळेच्या अंगणात बसायचं, शांतपणे वाचायची, काही खोडावंसं किंवा घालावंसं वाटलं तर तसं करायचं आणि मग दाराशी ठेवलेल्या पेटीत टाकायची. विषय शिकवणाऱ्या बाईंनीच ही रीत पाडली होती. "मनातलं लिहिलं की ते जरा निवू द्यावं," असं त्या म्हणायच्या. कल्पना छान होती. फक्त त्यात त्यांनी धरून चाललं होतं की मुलं एकेकटी बसतील. एकेकटी! बारावीची मुलं! आयुष्यभर मन शिकवणाऱ्या बाईंना एवढं कळू नये, याला काय म्हणावं.

त्या वर्षीचा शेवटचा प्रश्न वीस गुणांचा होता. 'गेल्या आठ दिवसांत तुम्हाला आलेला एक राग निवडा. तेव्हा तुमच्या मनात काय काय झालं, ते घडलं त्या क्रमाने लिहा.'

मुलीने क्षणभर विचार केला आणि लिहायला लागली. मंगळवारी गिरणीत एक बाई दळण घेऊन आली होती. पाच माणसांसमोर तिने विचारलं, "काय गं, ती वेडी आहे का अजून तुमच्या घरात?" मुलगी आधी हसली. हो, हसली. सगळे हसले म्हणून तीही हसली. मग तिने गिरणीचे दगड सैल केले आणि त्या बाईचे गहू मुद्दाम जाडेभरडे दळून दिले. दळताना तिला मजा वाटली. राग आला तो घरी कणीक मळताना, आणि तो त्या बाईचा कमी आणि स्वतःचाच जास्त होता, कारण आपण हसलो होतो. पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. त्या बाईच्या चपात्या तुटल्या असतील, या विचाराने उलट बरंच वाटलं. हे सगळं तिने जसंच्या तसं लिहिलं. लिहून झाल्यावर तिला हलकं वाटलं.

घंटा झाली. मुलगी अंगणात आली आणि जरा पाठ टेकते न टेकते तोच सुरू झालं.

"पहिल्याचं काय लिहिलंस?"

"दुसऱ्यात अ की ब? ब ना? सांग ना, ब ना?"

"स्मृतीचे प्रकार तीन की चार? मी पाच लिहिलेत!"

हे शेवटचं विचारणारा म्हणजे टपालवाल्याचा मुलगा. त्याला जन्मतःच शंका होत्या. एकाने सांगितलेलं उत्तर तो दुसऱ्याला विचारायचा, दुसऱ्याचं तिसऱ्याला, आणि तिघांचं एक आलं तर चौथ्याकडे जायचा. त्याने मुलीचं डोकं उठवलं.

"अरे, झाला ना पेपर! आता काय त्याचं?" ती वैतागून म्हणाली.

"झाला कुठे? अजून तास आहे," तो म्हणाला. तेही खरंच होतं.

मग अंगणाच्या मधोमध सरपंचांचा मुलगा उभा राहिला. त्याचा बालवाडीपासून पहिला नंबर. तो बोलला की बाकीचे आपोआप गोल करून उभे राहायचे. "शेवटचा प्रश्न ऐका," तो म्हणाला. "रागाच्या पायऱ्या चार. कारण, अंगाची लाही, दहा आकडे मोजणं, पश्चात्ताप. बाईंनी वहीत दिलंय. आणि उदाहरण भावाचं लिहायचं. वर्गात बाईंनी भावाचंच दिलं होतं."

"मी शेजाऱ्याच्या कुत्र्याचं लिहिलंय," कोणीतरी रडवेलं होऊन म्हणालं.

"गेले गुण."

खस्सकन दहा-बारा पेनांची टोपणं उघडली. कुत्रा गेला, मावशी गेली, सायकल चोरणारा गेला, आणि सगळीकडे भाऊ आले. ज्यांनी आकडे मोजले नव्हते, त्यांनी ते तिथे बसून मोजले. मुलीला हे सगळं पाहून हसावं की ओरडावं कळेना.

"अरे, पण तुमचा राग तुमचा असेल ना! तो कसा काय ताडून बघताय?" ती म्हणाली.

"तू काय लिहिलंस?" सरपंचांच्या मुलाने विचारलं.

तिने सांगितलं. सांगू नये, पण सांगितलं. कोणीतरी फिसकन हसलं.

"राग आला आणि हसलीस? हे उलटं झालं."

"राग दुसऱ्याचा येतो. स्वतःचा कसा येईल?"

"आणि पश्चात्तापच नाही? शेवटी पश्चात्ताप असतोच. बाई काय म्हणतील, मुलगी दुष्ट आहे? डॉक्टरीणबाई अशीला घेतील?"

हा शेवटचा घाव बरोबर बसला. मुलगी इकडे तिकडे पाहायला लागली. पायरीवर शिंप्याची मुलगी डबा उघडून बसली होती. तिने घंटा होताच पेपर पेटीत टाकला होता.

"तू काय लिहिलंस गं?" मुलीने तिला विचारलं.

"मला काय झालं ते. तुमचं ऐकून ते आता बदलणार आहे का? सरक, सावली येऊ दे," शिंप्याची मुलगी म्हणाली आणि तिने पोळीचा घास घेतला.

हिला काय जातंय असं बोलायला, मुलीला वाटलं. हिला कुठे दवाखान्यात जायचंय? तास संपत आला होता. तिने आपला पेपर पुन्हा वाचला. मघाशी जो इतका खरा वाटत होता, तोच आता वेड्यासारखा दिसायला लागला. इतक्या जणांचं जुळतंय, आपलं एकटीचंच कसं जुळत नाही? आपल्याच मनात काहीतरी बिघडलेलं असणार. तिने पेन काढलं, दीड पान आडव्या रेघांनी खोडलं आणि खाली लिहिलं: 'मला माझ्या भावाचा राग आला. अंगाची लाही झाली. मी दहा आकडे मोजले. नंतर पश्चात्ताप झाला.' पेपर पेटीत टाकला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

आठवड्याने बाईंनी सगळ्यांना वर्गात बोलावलं. शेजारच्या खुर्चीत डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. बाईंनी गठ्ठा टेबलावर आपटला.

"सत्तावीस पेपर," त्या म्हणाल्या. "सव्वीस जणांना भावाचा राग आला. सव्वीस जणांच्या अंगाची लाही झाली, सव्वीस जणांनी दहा आकडे मोजले. अरे, एकाच आठवड्यात गावातल्या भावांनी काय उच्छाद मांडला होता? आणि मला एवढं सांगा, तुमच्यातल्या नऊ जणांना भाऊ आलाच कुठून?"

टपालवाल्याच्या मुलाने हात वर केला.

"बाई, चुलत भाऊ चालतो ना?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "मी तुमचा राग विचारला होता रे! त्यात चूक-बरोबर काय होतं? जे लिहिलं असतं ते बरोबर होतं. वर्षातला एकच प्रश्न असा होता की ज्यात कोणी नापास होऊच शकत नव्हतं, आणि तोही तुम्ही विचारून विचारून चुकवलात!"

मग त्यांनी सत्ताविसावा पेपर उघडला आणि वाचला. 'काजं करताना दोरा तीनदा तुटला. आधी दोऱ्याचा राग आला, मग मशीनचा, मग जिने बारा बटणांचा झगा शिवायला टाकला तिचा. मग भूक लागली. खाल्ल्यावर बघितलं तर राग सापडेना.'

"ही माझ्याबरोबर येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिंप्याची मुलगी इतकी दचकली की तिला उठून उभं राहायचंही सुचलं नाही.

गिरणीवाल्याच्या लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं नव्हतं. तिला त्या सरपंचांच्या मुलाचा, त्याच्या चार पायऱ्यांचा, त्या हसणाऱ्या गोलाचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा असा राग आला होता की दहा काय, दहा हजार आकडेही पुरले नसते. वर्ग सुटल्यावर ती डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, मी खरं लिहिलं होतं. मग खोडलं."

"माहीत आहे." डॉक्टरीणबाईंनी तिचा पेपर काढून खिडकीच्या उजेडात धरला. रेघांखालचं सगळं वाचता येत होतं. "हे मी तीनदा वाचलं. मला वाटलं, हीच मुलगी हवी."

"मग मला का नाही घेतलं?"

"माझ्याकडे माणसं येतात ना, त्यांना घरचे दहा जण सांगत असतात, तुला काही झालेलं नाही, उगाच करतोयस. मग तो माणूसही तेच म्हणायला लागतो. त्या दहा जणांसमोर बसून जे दिसतंय ते दिसतंय असं म्हणणारं कोणीतरी मला लागतं. तुझ्या आत्याच्या वेळी तुझ्या घरात हेच चाललं होतं. आणि तू तर वर्गातल्या मुलांपुढे स्वतःला भाऊ करून घेतलास."

मुलीने डोळे पुसले. "मी ते आत्ता परत लिहून देते. एकूणएक शब्द पाठ आहे मला."

"आता मी चांगलं म्हटलं म्हणून लिहिशील," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी पेपर तिच्या हातात दिला.

दुपारी टांगा आला. शिंप्याची मुलगी बोचकं घेऊन चढली, आणि टांगा तालुक्याच्या रस्त्याला लागला. गिरणीवाल्याची लेक शाळेच्या फाटकाशी पेपर घेऊन उभी राहिली आणि टांगा दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली.

तात्पर्य विचाराल तर ते असं: गणिताचं उत्तर शेजाऱ्याशी खुशाल ताडून पाहावं, आपल्या मनात काय घडलं, हे मात्र शेजाऱ्याला विचारून ठरवू नये.