वीतभर वारा

घोटणवाडीतलं कुठलंही घर घ्या, कौलारू घ्या नाहीतर परवा बांधलेलं स्लॅबचं घ्या, त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीत वीतभर भोक दिसेल. त्याला दार नाही, जाळी नाही, काच नाही. मघाशी तुमच्यातल्या या साहेबांनी विचारलं, चिमण्यांसाठी आहे का? नाही. धुरासाठी? नाही, धूर वरून जातो. एका घरी पहिल्यांदाच मुक्कामाला आलेल्या जावयाने गार वारा लागतो म्हणून त्यात उशी कोंबली होती. सकाळी सासूने उशी तर काढलीच, वर जावयाला चहाही दिला नाही. आमच्याकडे जावयाला चहा न देणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्या भोकाचं मूळ इथे वर आहे. बसा त्या दगडांवर. या नाही, त्या! या ढिगावर कुणी बसत नाही. याला शेंदूर नाही, फूल नाही, नारळ नाही. येणारा माणूस आपल्या तांब्यातलं घोटभर पाणी यावर ओततो आणि पुढे जातो. तुमच्या बाटलीत असेल तर तुम्हीही ओता. नसेल तर राहू द्या, ती रागावत नाही.

ही खिंड गावाच्या बरोबर उत्तरेला. दिवाळी झाली की वारा हिच्यातून खाली उतरतो. आता उतरतो म्हणायचं, पूर्वी तो कोसळायचा. असं सांगतात की त्या काळी पौषात बैलांना पाणी पाजायचं, तर हौदावरचा बर्फाचा पापुद्रा आधी बैलाकडूनच शिंगाने फोडून घ्यायचा. कोंबडा आरवायला तोंड उघडायचा आणि विचार बदलून परत पंखात चोच खुपसायचा. गाव त्यामुळे उशिरा उठायचं आणि दोष कोंबड्याला द्यायचं.

हसा, हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फार नाही.

गावात धुरपा नावाची सणगरीण होती. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारे. नवरा बहिरू मागावर बसायचा, धुरपा लोकर कातायची आणि चिंचोक्याची खळ शिजवायची. घोंगडीला खळ दिली की ती ताठ होते, वारा आत सोडत नाही. धुरपेच्या हातची खळ अशी, की तिची घोंगडी जमिनीवर उभी केली तर माणसासारखी उभी राहायची म्हणे. त्यांना सावळा नावाची एक लेक होती.

एका वर्षी थंडीत घोंगड्यांना एवढं गिऱ्हाईक आलं की बहिरूने घरातली शेवटची, अंगावरची घोंगडीसुद्धा एका वाटसरूला दिली. "उद्या दुसरी विणतो की," असं म्हणाला आणि हरभऱ्याच्या राखणीला रानात गेला. सकाळी तो बांधावर बसलेला सापडला. गुडघे पोटाशी, हात काखेत. गावभर घोंगड्या पुरवणारा माणूस स्वतः उघडा गेला. त्याला तिरडीवर निजवायचा तर पाय सरळ होईनात. तसाच, बसलेलाच नेला.

दहाव्याचा विधी आटोपला आणि धुरपाने डोक्यावर एक दगड घेतला. चढण चढून इथे आली, खिंडीत टाकला, परत खाली गेली, दुसरा आणला.

पाणवठ्यावरच्या बायकांनी विचारलं, "धुरपे, काय चाललंय हे?"

"ज्या तोंडातनं वारा आला, ते तोंड बुजवतीय."

"अगं, वाऱ्याला बांध घालतीस व्हय? उद्या उन्हाला कुंपण घालशील!"

"घालीन. उनानं माणूस मारलं तर तेबी घालीन."

बायका हसल्या. पण ज्यांचा म्हातारा त्या थंडीत गेला होता, ज्यांची वासरं गेली होती, त्या हसता हसता खिंडीकडे बघू लागल्या. दुसऱ्या दिवशी धुरपेच्या मागे आणखी दोघीतिघी दगड घेऊन चढल्या. मग पुरुष आले. शेवटी राणोजी पाटील आले. पाटलांची म्हातारी आई खोकल्याने जर्जर झालेली, प्रत्येक हिवाळ्यात ती या वर्षी राहते की जाते असं व्हायचं. पाटलांनी गाड्या जुंपल्या.

उन्हाळाभर गाव भिंत बांधत होतं. दोन पुरुष उंच आणि बैलगाडी उभी मावेल एवढी रुंद. नुसत्या मातीत फट राहील म्हणून धुरपाने चिखलात आपली खळ ओतली. गावातल्या एकूण एक चिंचेचे चिंचोके तिच्या चुलीवर शिजले. पावसाळ्यात खळ भिजू नये म्हणून भिंतीला घरासारखं गवताने शाकारलं. अशी भिंत झाली, की एक मुंगी अलीकडून पलीकडे जायला निघाली होती, ती म्हणे अजून वाट शोधते आहे.

आणि त्या वर्षी हिवाळा आला नाही.

गाव आनंदाने वेडं झालं. शेकोट्या पेटल्या नाहीत. पोरं पौषात उघडी हुंदडली. पाटलांची आई ओसरीवर येऊन बसली आणि सुनांची उणीदुणी काढू लागली, म्हणजे ती ठणठणीत होती. धुरपाला पाटलांनी साडीचोळी केली. ती घेऊन धुरपा घरी आली आणि रिकाम्या मागापुढे बसली.

रानाकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. गहू गुडघ्याएवढा झाला नाही तोच घाईघाईने ओंबीवर आला आणि ओंब्या चोळल्या तर हातात भुसा. हरभरा हिरवागार माजला, पण घाट्यांत दाणा नाही, अळी मात्र बोटाएवढी. लोक म्हणाले, असतं एखादं वर्ष.

दुसरं वर्षही तसंच आलं. मग लोकांनी उपाय सुरू केले. पेरणी महिनाभर पुढे ढकलून बघितली. पहाटे उठून पिकावर पाणी शिंपून बघितलं, तर विहिरी पौषातच तळ दाखवू लागल्या. माणसं घराच्या धाब्यावर निजू लागली, भिंतींना ओलं गोणपाट लावू लागली. संक्रांतीला तीळगूळ वाटायचा तर गूळ बोटांतून पाघळायचा. मेंढ्यांना लोकर येईना. अंगावर ऊन असताना ती का येईल? आणि घोंगडी कोण घेणार? गावातल्या म्हाताऱ्यांनी तर शेवटी थंडीलाच फसवायचं ठरवलं. पहाटे तळ्यात गळ्याएवढ्या पाण्यात बसून ते मुद्दाम दात वाजवायचे, म्हणजे थंडीला वाटावं की आपण इथे आलेलोच आहोत. त्यातला एक इतका हुबेहूब कुडकुडायचा की बघणारे त्याच्यासाठी घोंगडी आणायला धावायचे. थंडी काही फसली नाही.

तिसऱ्या वर्षी डास मेलेच नाहीत. दरवर्षी थंडीने मरणारे डास दिवाळी ओलांडून पौषात आले आणि त्यांच्याबरोबर ताप आला. घराघरात पोरं अंथरुणाला खिळली. काही उठली, पुष्कळ उठली नाहीत. थंडी म्हातारी माणसं नेत होती, या उष्म्याने पोरं न्यायला सुरुवात केली.

धुरपेची सावळा तापाने पडली. पोटात पाण्याचा घोट ठरेना. वैदू आला, पोट दाबून म्हणाला, "हरभऱ्याची आंब पाज. तेवढीच ठरंल."

आंब माहीत आहे का तुम्हाला? कडक थंडीच्या पहाटे हरभऱ्याच्या पानांवर दव पडतं आणि पानांवरच्या खारीत मिसळून आंबट होतं. संध्याकाळी पिकावर स्वच्छ धोतर पांघरायचं, पहाटे ते पिळायचं, वाटीत जे पडेल ती आंब. धुरपाने बहिरूचं धोतर हरभऱ्यावर पांघरलं. पहाटे उचललं, तर जसं घातलं तसंच कोरडं. दुसऱ्या पहाटेही कोरडं. थंडी नाही तर दव नाही, आणि दव नाही तर आंब कुठली?

ती पाटलांकडे गेली. ओसरीवर म्हातारी बसलेली होती.

"भिंत पाडा, पाटील."

पाटील म्हणाले, "तूच बांधायला लावलीस, धुरपे."

"मीच लावली. आता मीच म्हणते, पाडा."

पाटलांनी आईकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "वारा आत आला तर पहिली ही जाईल. तुझी लेक आहे, तशी माझी आई आहे. या साली भिंत शाकारायची नाही, मग तर झालं? पावसाळ्यात भिजून आपसूक ढासळंल. तवर थांब."

"मी थांबंन. पोर थांबंल का?"

ओसरीवरून म्हातारीच बोलली, "राण्या, तिला पहार दे." पाटलांनी न ऐकल्यासारखं केलं. गावात दुसरंही कुणी पहार देईना. प्रत्येक घरात एक तरी खोकणारं माणूस होतंच.

पहार असती तरी उपयोग झाला नसता म्हणा. त्या भिंतीवर लोखंड वाकलं असतं. पण खळ कशाने सुटते हे धुरपाला ठाऊक होतं. नव्या घोंगडीची खळ काढायची तर ती पाण्यात भिजत घालतात. धुरपाने घागर घेतली. विहिरी, तळं, सगळं तळाला गेलं होतं. दर घराला वाटणीचं जे थोडं पाणी यायचं, त्यातलं तिने लेकीपुरतं ठेवलं आणि स्वतःच्या वाट्याचं डोक्यावर घेऊन चढली. भिंतीच्या बुडाशी एक जागा धरली, तिथलं गवत उपसलं, पाणी ओतलं. रोज. स्वतः काय प्यायली, कुणाला माहीत नाही. ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटली, बोलणं बंद झालं. आंबलेल्या खळीचा वास खिंडीतून खाली गावात यायला लागला. लोक दारं लावून घ्यायचे. सगळ्यांना कळत होतं तो कशाचा आहे. कुणी तिला अडवलं नाही आणि कुणी तिला घागरभर पाणी दिलं नाही.

तिची जाऊ बायजा तेवढी सावळाजवळ बसायची. एका संध्याकाळी धुरपाने हरभऱ्यावर धोतर पांघरलं आणि बायजाला खुणेने सांगितलं, पहाटे तू पीळ. मग घागर घेऊन चढली.

तिने त्या भिजलेल्या जागी हात घातला असणार. शेवटची हातभर माती सुटली असणार, आरपार वीतभर भोक पडलं असणार. तीन वर्षं पलीकडे अडून राहिलेला वारा त्या वीतभर भोकातून एकदम आला, असं सांगतात. भिंत आतल्या बाजूला, गावाकडे कोसळली. धुरपा गावाच्याच बाजूला उभी होती.

पहाटे बायजा रानात गेली. धोतर उचललं तर ते जड लागलं. पिळायला घेतलं आणि बोटं बधिर झाली, तेव्हा तिला कळलं. तिने वर बघितलं. तीन वर्षं जिथे काळी भिंत दिसायची, तिथे खिंडीत उजेड होता.

सावळाला आंब पाजली. पहिला घोट ठरला. मग दुसरा. ती जगली.

त्याच सकाळी पाटलांची आई ओसरीवर गार झालेली सापडली.

पाटील आधी वर आले. दगडांच्या ढिगातून घागरीचा काठ तेवढा बाहेर दिसत होता. कमरेचा तांब्या सोडून त्यांनी त्यातलं पाणी ढिगावर ओतलं. जे द्यायला हवं होतं ते असं उशिरा दिलं. माणसं दगड उचलायला वाकली, तर पाटलांनी हाताने थांबवलं. धुरपा इथेच, या ढिगाखाली राहिली. मग ते घरी गेले, दारात आई तशीच ठेवलेली, आणि पहार घेऊन उत्तरेच्या भिंतीवर घाव घालू लागले.

भावकीतली माणसं म्हणाली, "पाटील, रडायच्या टायमाला भिंत काय फोडता?"

"रडतोयच की," पाटील म्हणाले. "वारा आला की कुणाचं तरी माणूस जाणार. नाही आला तरी जाणार. कुणाचं जावं हे मी भिंत बांधून ठरवलं, ते चुकलं. आता येईल तो सगळ्यांच्या घरात सारखा येऊ दे. आणि पुन्हा कधी मला खिंड बुजवावी वाटली, तर आधी आईच्या उशालगतचं हे भोक बुजवावं लागंल. ते माझ्यानं व्हायचं नाही."

संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक उत्तरेच्या भिंतीत वीतभर भोक पडलं होतं. जावयाला चहा का मिळाला नाही, ते आता कळलं असेल.

इथपर्यंतचं माझ्या आजोबांनी सांगितलेलं. तिखटमीठ थोडं माझं आहे, पण मुंगी त्यांचीच.

यापुढचं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. गेली काही वर्षं आमच्याकडे पौषात पंखे फिरतात. गहू घाईने ओंबीवर येतो. संक्रांतीचा गूळ पाघळतो. पेरणी पुढे ढकलून झाली, पहाटे तुषार लावून झाले, नवं बियाणं आणून झालं. माझी चुलती अजून संध्याकाळी हरभऱ्यावर धोतर पांघरते आणि सकाळी कोरडं घडी करून ठेवते. मागच्या पौषात गावातली जाणती माणसं पहारी घेऊन इथे वर आली. मीही होतो. कुणीतरी पुन्हा खिंड बुजवली असणार, अशी सगळ्यांची खात्री होती. येऊन बघतो तर खिंड ही अशी, आता तुमच्यासमोर आहे तशी, सताड उघडी. पलीकडचे डोंगर दिसत होते. आम्ही पहारी खांद्यावर घेऊन बराच वेळ उभे राहिलो. भिंत असती तर पाडली असती. पाणी नसतं तरी पाणी आणून पाडली असती. शेवटी तांब्यातलं पाणी ढिगावर ओतलं आणि उतरलो.

आजही दिवे लागताना घोटणवाडीतल्या प्रत्येक घरातलं थोरलं माणूस उत्तरेच्या भोकाशी जातं, तळहात लावतं आणि थांबतं. हात कोमट निघतो.

तुम्ही मंडळी लांबून आलात, मोठमोठी शहरं ओलांडून आलात. वाटेत कुठे एखादी भिंत दिसली का हो? पहारी आम्ही अजून दाराशीच ठेवल्या आहेत.