मास्तरांची अर्धी माळ

एकदा एका आळीत एक वृद्ध मास्तर राहत होते, आणि त्यांची प्रार्थना रोज अर्धीच होत असे.

आळी वसईकडची, केळीच्या आणि मोगऱ्याच्या वाड्यांमधली. तिच्या तोंडाशी, त्या भागाच्या रिवाजाप्रमाणे, चुना लावलेला एक क्रूस होता. मास्तरांचं नाव बस्त्याव. उभी हयात त्यांनी आळीतल्या पोरांना धर्मशिक्षण दिलं होतं. आता दात गेले, विद्यार्थी गेले, बायको फिलूबाय गेली. उरली होती हातातली माळ. रोज दिवेलागणीला ते क्रुसापाशी मेणबत्ती लावत आणि पायरीवर बसून माळ ओढत.

ही माळेची प्रार्थना ज्यांनी ऐकली नसेल त्यांना थोडं सांगायला हवं. प्रत्येक मण्याची प्रार्थना दोन तोंडांत वाटलेली असते. पहिला अर्धा एकाने म्हणायचा, उरलेला अर्धा बाकीच्यांनी. कोणी सोबतीला नसेल तर दोन्ही अर्धे आपणच म्हणायचे, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि ज्यांनी हे साऱ्या गावाला शिकवलं ते मास्तर पहिला अर्धा म्हणत आणि गप्प बसत. बराच वेळ गप्प. मग पुढचा मणी.

आळीने निदान करून टाकलं की मास्तरांना विसर पडायला लागला. आळीतली माणसं मायाळू, आणि मायाळू माणसाला स्वस्थ बसवत नाही हो! समोरची कार्मेलबाय मासे साफ करता करता ओट्यावरून खणखणीत आवाजात उरलेला अर्धा भाग सांगत असे. मास्तर तिच्याकडे बघून हात जोडत, "उपकार झाले, बाय," म्हणत, आणि तरीही आपले गप्प बसून राहत. कार्मेलबाय कपाळाला हात लावी.

या मास्तरांकडे एके दिवशी त्यांची जुनी विद्यार्थिनी आली. तिचं नाव मेबल. पुण्याला कॉलेजात विज्ञान शिकवत असे. वाचन अफाट. उपनिषदं वाचली होती, बुद्ध वाचला होता, सूफी संत वाचले होते. सगळ्या धर्मांत सत्य आहे असं ती मानत असे, आणि म्हणूनच कुठल्याही एका धर्माच्या दारात उभं राहणं तिला अवघड जाई. देवळात, म्हणजे चर्चला, जाणं तर केव्हाच सुटलं होतं.

"मास्तर," ती टेकता टेकताच म्हणाली, "माझ्या बहिणीच्या, लीनाच्या बाळाचा रविवारी बाप्तिस्मा आहे. तिने मला धर्ममाता व्हायला सांगितलंय. आणि आपले फादर धर्ममातेला नाव घेऊन, वेगळं, सगळ्यांसमोर विचारतात की तुझा यावर विश्वास आहे का, त्यावर विश्वास आहे का. मी काय सांगू? कुमारीच्या पोटी जन्म, देहाचं पुन्हा उठणं... माझ्या तोंडून 'होय' निघत नाही. निघालं तर ते खोटं. तेही बाळाला हातात धरून!"

"मग लीनाला नाही म्हण."

"म्हणून पाहिलं. ती म्हणाली, आई असती तर तिने धरलं असतं बाळाला. आई नाही म्हणून तू. तूही नाही म्हणणार असशील तर या उंबऱ्यावर परत येऊ नकोस. आमच्या माहेरी आता आम्ही दोघीच उरलोय हो, मास्तर."

 मग मेबलने आवाज खाली आणला आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं.

"आणि गंमत म्हणजे माझा देवावर विश्वास नाही असंही नाही. पहाटे मी नुसती बसते. काही मागत नाही, म्हणत नाही. आणि कधीकधी कोणीतरी येऊन जवळ बसतं. येशूच. दुसरं नाव सुचतच नाही मला. हे फादरना सांगितलं तर म्हणतील पोरगी भरकटली, आणि कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगितलं तर हसून लोळतील. इकडे आड, तिकडे विहीर. तुम्हीच सांगा, बहिणीला गमावू की देवासमोर खोटं बोलू?"

"दिवेलागणीला क्रुसापाशी ये," मास्तर म्हणाले. बस्स, एवढंच. हे उत्तर झालं का? मेबल मनातून चिडली, पण गेली.

मास्तरांनी मेबलला शेजारी बसवून घेतलं आणि पहिल्या मण्याचा पहिला अर्धा म्हटला. लहानपणची सवय, मेबलच्या तोंडून दुसरा अर्धा आपोआप निघू लागला. मास्तरांनी हात वर केला.

"तू नको."

"मग कोण म्हणणार?"

"बस नुसती."

समोरून कार्मेलबायने आपलं कर्तव्य बजावलं. मास्तरांनी हात जोडले. मग शांतता. पुढचा मणी, पुन्हा तेच. अखेर मेबलला राहवलं नाही.

"मास्तर, अर्धीच प्रार्थना म्हटली म्हणून तुम्ही मला अख्खा तास बाकावर उभं केलं होतं!"

"केलं होतं," मास्तर बोळक्या तोंडाने हसले. "तेव्हा मलाही तेवढंच येत होतं."

मग त्यांनी माळ मांडीवर ठेवली.

"तुला आठवत असेल, माळेत दुसरा अर्धा नेहमी फिलूचा असायचा. लग्न झाल्यापासून. ती गेली त्या संध्याकाळी मी इथे येऊन बसलो. माझा अर्धा म्हटला. तिचा अर्धा माझ्या तोंडून काही केल्या निघेना. तिच्या ताटात जेवल्यासारखं वाटायला लागलं. म्हटलं, जरा थांबू, रडू आवरलं की म्हणू. रडू आवरलं, बाय. पण तोवर त्या गप्प जागेत कोणीतरी येऊन बसलं होतं. फिलू होती असं मी म्हणणार नाही. ज्याचं नाव मी जन्मभर तुम्हा पोरांकडून घोकून घेतलं ना, तो होता. मला तो पाठ होता गं. भेटला नव्हता. तेव्हापासून ती जागा मी भरत नाही."

 साऱ्या आळीत सगळ्यात कर्मठ माणूस कोण, असं कोणी मेबलला विचारलं असतं तर तिने याच म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं असतं.

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलंच नाही. सगळे मदतीला धावले."

मेबलला हसू आलं आणि डोळेही भरून आले. पण ती विज्ञानाची बाई. प्रश्न सोडणार थोडीच! "म्हणजे गप्प बसण्यातच सारं असेल, तर मी देवळात जाऊच कशाला? माझी पहाट मला पुरे आहे."

"पुरे असेल," मास्तर म्हणाले. "पण तुझ्या पहाटे जो येऊन बसला त्याला तू ओळखलंस कसं? ते नाव तुझ्या ओठांवर कुठून आलं?"

मेबलने मान वर केली. समोर कार्मेलबाय कोयता धूत होती. ते नाव याच पायरीवर, आईच्या मांडीत, असल्याच बायकांच्या बेसूर आवाजात तिच्या कानी पडलं होतं.

"म्हणून यांना परकं मानू नकोस," मास्तर हळूच म्हणाले. "आणि यांच्यात राहायचं तर यांचा प्रत्येक शब्द आपण म्हणायलाच हवा, असंही मानू नकोस. श्रद्धा एकट्याच्या तोंडची नसते, मुली. म्हणून तर वाडवडिलांनी ही प्रार्थना वाटून ठेवली. तुझ्या आतून जे निघेल ते मोठ्याने म्हण. निघत नसेल तिथे गप्प राहा. पण उठून जाऊ नकोस. तुझ्या गप्प राहण्यालाही देवळातल्या बाकावर जागा आहे."

मेबल घरी गेली आणि तिने लीनाला स्पष्ट सांगितलं, "बाळाला मी धरते. पण जे मनातून येईल तेवढंच बोलेन. नाही आलं तर गप्प राहीन. चालत असेल तर सांग." लीना रडली, भांडली, लोक काय म्हणतील म्हणाली. शेवटी नाक पुसून म्हणाली, "गप्प तर गप्प. पण धरशील तूच."

रविवार उजाडला. देऊळ भरलं होतं. बाळ मेबलच्या हातात, आईच्या जुन्या पांढऱ्या शालीत गुंडाळलेलं. फादरांनी विचारलं, "मेबल, सर्व काही निर्माण करणाऱ्या देवावर तुझा विश्वास आहे का?"

"होय, आहे."

मग दुसरा प्रश्न आला, ख्रिस्ताविषयीचा. कुमारीच्या पोटचा जन्म, मरण, कबरीतून उठणं, सगळं त्या एकाच प्रश्नात. मेबलचे ओठ हलले नाहीत. फादर थांबले. लीनाने डोळे मिटून घेतले. देवळात कोणी खोकलंसुद्धा नाही.

आणि मागच्या बाकावरून एक कापरा, बोळका आवाज सगळ्या देवळाला ऐकू गेला.

"होय, विश्वास आहे!"

बस्त्याव मास्तर उभे राहिले होते. लोक माना वळवून बघू लागले. "अरेरे," कार्मेलबाय शेजारणीला म्हणाली, "स्वतःचा अर्धा विसरतात आणि दुसऱ्याचा म्हणतात!"

मेबलला मात्र रडू फुटलं. फिलूबायचा अर्धा जो माणूस कधी भरत नव्हता, त्याने आज मेबलचा अर्धा उचलला होता. तिने बाळाकडे पाहिलं, मग फादरांकडे. विचारलं होतं त्याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. जे होतं ते तिने दिलं.

"मी त्याला ओळखते, फादर."

फादरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी पाण्याचं भांडं उचललं.

त्या संध्याकाळी मेबल पुन्हा क्रुसापाशी बसली होती. मास्तरांनी पहिला अर्धा म्हटला आणि ते थांबले. कार्मेलबाय बाप्तिस्म्याच्या जेवणाचा डबा घेऊन मास्तरांकडेच आली होती. तिने सवयीने तोंड उघडलं. मेबलने तिचा हात धरून तिला पायरीवर बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. कार्मेलबाय, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, गप्प बसली.

मेणबत्ती जळत होती. वाडीतून मोगऱ्याचा वास येत होता. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

मग कार्मेलबाय मेबलच्या कानाशी वाकली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "बाय गं, आत्ता इथे कोण होतं?"

मास्तरांनी पुढचा मणी धरला.