स्टँडचे पाय

"मग त्या बाईनं काय विचारलं?"

"काहीच नाही, उस्ताद! तीच तर गंमत आहे."

अभिराम देवस्थळी पेढ्यांचा पुडा आणि एक लांबोडकं खोकं घेऊन आला होता आणि दहा मिनिटं एकटाच बोलत होता. समोर नदीकाठच्या दर्ग्याच्या ओट्यावर मेहबूबभाई अत्तार भिंतीला टेकून बसले होते. गावात चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद केल्यापासून ते शनिवारी सकाळी इथं बसत आणि कुणी शिकायला आलं तर शिकवत. अभिराम तीन वर्षं येत होता. सगळ्या शिष्यांत आपण उजवे, अशी त्याची खात्री होती, आणि ती त्यानं लपवलीही नव्हती.

हकीकत एवढीच होती. मागल्या आठवड्यात त्याच्या ट्रायपॉडच्या एका पायाची क्लिप तुटली. त्यानं कंपनीला फोन केला. कावेरी सुतार नावाच्या बाईनं तो उचलला, तुटक्या पायाचा एक फोटो मागवला, आणि चौथ्या दिवशी नवा पाय घरी हजर. पावती नको, जुना पाय परत नको, काही नको.

"नाहीतर आपल्याकडं कसं असतं? हे बटण दाबा, ते बटण दाबा, आणि शेवटी साहेब जेवायला गेलेत! ही बाई एवढंच म्हणाली, 'तुमचं काम अडलंय का? मग आजच पाठवते.'"

"भली बाई," उस्ताद म्हणाले.

त्यांनी एक पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा ओट्यावरच्या मांजरीला दिला.

अभिरामची नजर मात्र त्यांच्या मागं होती. तिथं भिंतीला त्यांचा जुना सागवानी स्टँड उभा होता. ट्रायपॉडला उस्ताद स्टँडच म्हणत. निम्मं आयुष्य नदीच्या वाळूत रोवून काढलेला, पण पाय अजून कालच रंधा मारल्यासारखे. उस्तादांचे डोळे आता अधू झाले होते. दिवाळीत त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "याचे पाय धुवायला ज्याला सांगावं लागत नाही, त्याला हा देणार."

धुण्याची ही रीत त्यांच्याकडं शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी कळे. नदीवरून आलं की आधी स्टँडचे पाय धुवायचे, कोरडे पुसायचे, मग आपण घरात शिरायचं. उस्ताद हे एकदाच सांगत. दुसऱ्यांदा कुणालाच नाही.

अभिरामला ती रीत म्हाताऱ्याचं खूळ वाटे. सागवानाला ठीक आहे, आपला कार्बन फायबरचा आहे! पण सागवानी स्टँड त्याला हवा होता. नुसता हवा नव्हता, तो आपल्यालाच मिळायचा असं त्यानं धरून ठेवलं होतं. आज तो तेच विचारायला आला होता. पेढे त्यासाठीच होते.

"तिनं विचारलं नाही," उस्ताद म्हणाले, "मग तू काय सांगितलंस?"

"मी? मी म्हटलं, आपोआप तुटली. कोपऱ्यात उभा होता, हातसुद्धा लावला नव्हता."

"विचारलं नसताना सांगितलंस?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं. अभिरामचे कान तापले. ती क्लिप नदीच्या पात्रातच तुटली होती. खाचेत वाळू अडकली होती, क्लिप लागेना, म्हणून त्यानं बुटाच्या टाचेनं दाबली होती.

"बघू तो पाय," उस्ताद म्हणाले.

अभिरामनं खोकं पुढं केलं. उस्तादांनी ते उलटं केलं. पाय बाहेर आला, आणि त्याच्यामागून टपकन एक बारीक केसांचा ब्रश पडला. त्याला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली होती.

या ब्रशाविषयी अभिराम दहा मिनिटांत एक अवाक्षर बोलला नव्हता.

"वाच. मला दिसत नाही."

अभिरामनं घसा खाकरला.

"'नमस्कार. वाळूत काम झालं की पाय धुऊन, पुसून ठेवा. खाचेत राहिलेली वाळू या ब्रशानं निघेल. काही अडलं तर या नंबरावर फोन करा. कावेरी सुतार.'"

उस्ताद मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"आता हिला कुणी सांगितलं वाळूचं?" अभिराम उसळला. "फोनवर बसणाऱ्या बाईनं मला शिकवायचं? हे तर मला पहिल्याच दिवशी..."

त्याची नजर सागवानी स्टँडच्या स्वच्छ पायांवर गेली.

घाटावर कुणीतरी सतरंज्या आपटत होतं.

मग अभिरामनं खिशातून फोन काढला. त्याला खरोखर लाज वाटत होती. त्यानं चिठ्ठीवरचा नंबर लावला.

"मॅडम, देवस्थळी बोलतोय. ट्रायपॉडचा पाय... हो, मिळाला. छान आहे. मॅडम, ती क्लिप आपोआप नव्हती तुटली. मी टाचेनं दाबली. वाळू होती आत."

"हो सर," पलीकडून आवाज आला. "फोटोत दिसत होती."

"मग तुम्ही पाठवलात कसा?"

"तुमचं काम अडलं होतं ना. ब्रश मिळाला का?"

"मिळाला."

"वापरा हं सर. ठेवू?"

अभिरामनं फोन खिशात घातला. छातीवरचं ओझं उतरलं होतं. खरं बोलून माणूस एवढा हलका होतो, तर आपण उगीच इतके दिवस कुथत बसलो, असंही त्याला वाटून गेलं. आणि लगेच, स्वभावाला औषध नाही, त्याचे डोळे पुन्हा भिंतीकडं वळले.

"उस्ताद, दिवाळीत तुम्ही म्हणाला होता..."

"म्हणालो होतो."

उस्ताद गुडघ्यावर हात देऊन उठले. त्यांनी स्टँड उचलला, तिन्ही पायांवरून एकदा अंगठा फिरवला, खांद्यावरची जुनी शाल काढून त्याच्याभोवती गुंडाळली आणि सुतळीनं तीन ठिकाणी बांधली. मग तो अभिरामच्या दोन्ही हातांवर ठेवला.

अभिराम तसाच वाकला आणि त्यानं त्यांच्या पायांना डोकं लावलं.

"उस्ताद, जिवापाड जपेन."

"जप. पोचेपर्यंत जप."

"पोचेपर्यंत...?"

उस्तादांनी ओट्यावरचं रिकामं खोकं उचलून त्याच्या काखेत दिलं.

"वाळूचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाठवणारीचा पत्ता वर आहे."