दोन बोटांची ठक-ठक

चीनमधल्या कँटनला नदीकाठच्या जुन्या चहाघरात खिडकीपाशी एक काळं टेबल आहे. त्याच्या कडेला बोटाच्या पेराएवढे दोन खळगे आहेत. पाहुणा आला की त्याला आधी हे खळगे दाखवतात, मग डिमसम. मंडळी, तुम्हीही दम धरा. बांबूच्या करंडीतले ते गरम मोदक कुठे पळून जात नाहीत.

फार वर्षांपूर्वी इथे आ-फूक नावाचा वाढपी होता म्हणे. हात चपळ, जीभ त्याहून चपळ. चहा ओतल्यावर समोरचा ‘आभारी आहे’ म्हणेपर्यंत तो जागचा हलत नसे. जहागीरदार असो नाहीतर हमाल.

एके सकाळी लिनबाई येऊन बसल्या. नाटकात गाणाऱ्या, साऱ्या गावाच्या लाडक्या. आ-फूकने चहा ओतला. बाई गोड हसल्या, पण बोलल्या नाहीत.

“गर्व झालाय बाईंना!” आ-फूक स्वयंपाकघरात फणफणला. “त्यांच्या तोंडून आभार काढीनच. नाही निघाले तर वर्षभर सगळ्या करंड्या मी घासीन!”

बिचाऱ्याला काय ठाऊक? बाईंचा गळा बसला होता. वैद्याने बजावलं होतं, शंभर दिवस एक शब्द नाही. बोललात तर गाणं कायमचं गेलं. आता हे गावाला सांगायचं, तर बोलावंच लागणार! लिहिणं बाईंना येत नव्हतं.

पण आभाराची रीत कशी मोडावी? नाटकातला ठेका बोटांत होताच. दुसऱ्या दिवसापासून चहा ओतला की बाई दोन बोटं टेबलावर वाजवू लागल्या. ठक-ठक.

“बाई, टेबलाला भुंगा लागला की काय?” आ-फूक चिडवी. सगळे हसत. दर दोन घोटांनी तो किटली घेऊन हजर. ठक-ठक.

असे नव्व्याण्णव दिवस गेले.

शंभराव्या सकाळी आ-फूक बाईंच्या टेबलापासून दोन पावलांवर पाठमोरा उभा राहून सोबत्यांना डोळे मिचकावत होता. त्याच्या डोक्यावरच्या फळीवर वाफाळत्या करंड्यांची उतरंड रचलेली. ती कलली. बाईंनी पाहिलं. ओठ उघडले. एक हाक आणि पोरगा वाचला असता. गळा मात्र गेला असता. त्यांनी ओठ मिटले आणि सगळा जीव दोन बोटांत आणून टेबलावर आपटला. ठक-ठक!

आ-फूक चमकला. “ओतला नाही, तर आभार कसले?” म्हणत तो झटकन वळून टेबलाशी आला आणि कपात वाकून बघू लागला. मागे धडाड! तो उभा होता तिथे कढत करंड्यांचा ढीग कोसळला.

दुसऱ्या दिवशी बाई त्याच टेबलाशी बसून गायल्या, असं सांगतात. मग मौनाचं कारण सांगून त्यांनी स्वतः किटली उचलली आणि आ-फूकचा कप भरला. त्याला ‘आभारी आहे’ म्हणायचं होतं. जन्मात पहिल्यांदा त्याची जीभ हलेना. त्याने हळूच दोन बोटं टेकवली. वर्षभर करंड्याही मुकाट्याने घासल्या.

ते खळगे बाईंच्या बोटांचे म्हणे. खरंखोटं ते टेबलच जाणे.

तेव्हा पाहुण्यांनो, आधी शेजाऱ्याचा कप भरा, मग आपला. कुणी तुमचा भरला, तर दोन बोटं वाजवा. तोंडात घास असताना आभार मानायला निघालात, तर समोरच्याच्या अंगावर सारण उडेल. आणि नीट बघा, आजही इथे ठक-ठक ऐकू आली की ओतणारा वाढपी आधी एक पाऊल पुढे येतो आणि कपात वाकून बघतो.