ठकूची गोधडी आणि हळद्या

एकदा काय झालं, राजा-राणीचं भांडण अर्ध्यावर आलं होतं, तेव्हा आपली गोष्ट सुरू झाली.

राजा म्हणत होता, कुत्रा हवा तर वाघासारखा हवा. राणी म्हणत होती, मग वाघच आणा, कुत्र्याला कशाला त्रास. राजा म्हणाला, चोर घाबरला पाहिजे. राणी म्हणाली, आणि पोर? असं चाललं होतं बरं का, कालपासून. जेवायला तेवढे थांबायचे. हात धुतले की पुन्हा सुरू.

आता भांडण कशावरून, ते ऐका. आणि तू, पाय आत घे आधी. हं.

हा राजा काही फार मोठा नव्हता. एक टेकडी, एक नदी, चार गावं. पण वाड्यात एक रीत होती, मोठ्या राजांकडेही नसेल अशी. घरातलं सगळ्यात धाकटं मूल झोपलं की मगच बाकीच्यांनी डोळे मिटायचे. मग तो राजा असो, स्वयंपाकी असो, नाहीतर दारावरचा पहारेकरी. धाकटी होती राजकन्या ठकू. पाठ टेकली की झोपायची, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

तिची एक गोधडी होती. आजीच्या लुगड्यांची, पणजीच्या लुगड्यांची, मधे बापाच्या बाळपणीच्या अंगरख्याचा तुकडा. इतक्या मायेच्या माणसांनी तिला टाके घातले होते, की तिच्या घडीत झोप राहायला आली होती. खरंच राहायची. गोधडी उलगडली की बाहेर यायची, ठकूच्या पापण्यांवर बसायची.

आणि तीच गोधडी चोरीला गेली.

मग काय, ठकू झोपेना. जरा खुट्ट झालं की दचकायची, आला का तो म्हणून विचारायची. ठकू झोपेना म्हणून राणी झोपेना, राजा झोपेना, सगळा वाडा टक्क जागा. स्वयंपाक्याने खिरीत चिंच घातली. पहारेकऱ्याने गाईला मुजरा केला. प्रधान बोलता बोलता अर्ध्या वाक्यात घोरायला लागला, त्याला हलवून जागं करावं लागलं, रीत होती ना. ठकू तर पांढरीफटक पडली. वैद्य म्हणाले, औषध कसलं देऊ, हिला झोप हवी. लवकर आली नाही तर पोर हातची जाईल.

म्हणून कुत्रा आणायचं ठरलं. कुत्रा राखणीला बसला की ठकूची भीती जाईल, यावर राजा-राणी दोघांचं एकमत होतं. कसला कुत्रा, यावर मात्र भांडण.

पहिला कुत्रा राजाने आणला. रणगाजी त्याचं नाव. एका सरदाराने पाठवला होता, वासराएवढा, काळाभोर. दोन गडी साखळी धरून चालायचे, म्हणजे खरं तर तोच त्यांना चालवायचा. राजाने त्याला दिवसभर खांबाला बांधून ठेवला आणि अर्धपोटी ठेवला. का, तर राग टिकावा म्हणून. शहाणपण बघा. रणगाजी दूधवालीवर भुंके, चिमणीवर भुंके, वाऱ्यावर भुंके. राजाची बहीण चार महिन्यांनी माहेरपणाला आली, ती त्याचं तोंड बघून दारातूनच परत फिरली. आणि ठकू? आधी तिला नुसती चोराची भीती वाटत होती. आता दोघांची वाटायला लागली.

तेवढ्यात चोर पुन्हा आला. या चोराकडे एक विद्या होती, रूप पालटण्याची. हवं ते रूप घ्यायचं आणि दिवसाढवळ्या दारातून आत शिरायचं. फक्त एक अट होती. एकानेही ओळखलं, की रूप गळून पडायचं. तो आला फुलवाली होऊन, डोक्यावर टोपली. रणगाजी भुंकला, नाही असं नाही. पण तो तर वाऱ्यावरही भुंकायचा, ते काही ओळखणं नव्हे. लोक आपले म्हणाले, गप रे. आणि फुलवाली गेली निघून, टोपलीत ठकूची उशी घालून.

राजाने मान खाली घातली. रणगाजी सरदाराकडे परत गेला. तिथे म्हणे त्याला मोकळं शेत मिळालं, पोटभर खायला मिळालं, आणि तो वाऱ्यावर भुंकायचा थांबला. त्याचं काही चुकलं नव्हतं बिचाऱ्याचं.

मग राजा म्हणाला, बरं, तुझं ऐकतो, प्रेमळ आणू. आणि दुसरा कुत्राही त्यानेच आणला, राणीला न विचारता. एवढासा, पांढरा, मऊ. नाव ठेवलं लोणी. लोणी प्रेमळ होता यात शंका नाही. जो येईल त्याच्यापुढे उताणा पडायचा, पोट खाजवा म्हणून. ठकू हसली, पुष्कळ दिवसांनी हसली. पण झोपेल कशी? राखणदारच तिच्या गादीवर घोरत पडलेला.

चोर आला गोसावी होऊन. लोणीने त्याचे पाय चाटले, पोट खाजवून घेतलं आणि पुन्हा गादीवर जाऊन झोपला. चोराने गादीची वळकटी केली. लोणी आतच होता. तोही गेला.

हसताय काय? ठकूला लोणी हवाहवासा वाटत होता. ती रडून रडून थकली, पण झोपली नाही.

आता राणी उठली. राणीचं माहेर होतं मेंढरांचं. लहानपणी ती कोकराला कुशीत घेऊन माळावर निजलेली, शेजारी कुत्री राखणीला. तिने पदर खोचला, ठकूचा हात धरला आणि थेट भावाच्या वाड्यावर गेली. मेंढपाळ माळावर मुक्काम टाकतात ना, त्यालाही वाडाच म्हणतात. राजा मागून आला, तोंड फुगवून. राजाच्या दारात गावठी कुत्रं, लोक काय म्हणतील, असं त्याचं वाटभर चाललं होतं.

राणीने पिल्लं बघितलीच नाहीत. ती म्हणाली, आधी आई दाखवा. स्थळ बघायला गेल्यासारखी. आई आली, राणीला हुंगलं, ठकूचा हात चाटला, आणि आपलं काम झालं अशा थाटात मेंढरांकडे निघून गेली. राणी खूश. मग तिने तांब्या घेतला आणि पिल्लांच्या मधे दगडावर आपटला. एक पिल्लू पळालं ते सामानाच्या ओझ्यांखाली जाऊन बसलं, बाहेर येईना. एकाने तांब्यालाच दात लावले. तिसरं पिल्लू दचकलं, दोन पावलं मागे सरलं. मग पुढे आलं, तांब्या हुंगला, आणि वर मान करून ठकूकडे बघितलं, तुला लागलं नाही ना, असं. ठकूने भाकरीचा तुकडा पुढे केला. त्याने तो ओठांनी उचलला, दात लागू दिला नाही.

राणी म्हणाली, "हा."

राजा म्हणाला, याचा एक कान मोडलाय. राणी म्हणाली, दुसरा उभा आहे ना.

हळदीच्या रंगाचा म्हणून हळद्या. राणीने त्याला बांधलं नाही. रोज त्याला घेऊन हिंडायची आणि एकेकापाशी नेऊन सांगायची, ही आपली दूधवाली, हा आपला प्रधान, या आत्याबाई. हळद्या हुंगायचा आणि शेपूट हलवायचा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो मोठा झाला, पण त्याला भुंकताना कुणी ऐकलं नाही. राजा म्हणायचा, बघा, नुसता पाहुणचार करतो. त्याने तर शपथच घेतली होती, या कुत्र्याला हात लावणार नाही म्हणून. हात लावत नव्हताच. पाटाआडून भाकरी द्यायचा तेवढी. राणीला ते दिसायचं. ती गप्प राहायची, जे तिला एरवी जमत नसे.

ठकूला आता बसल्या बसल्या डुलकी यायची, हळद्याच्या पाठीवर हात ठेवला की. तेवढ्यावर ती तगली, आणि तिच्याबरोबर वाडाही डुलक्या काढायचा. पण डुलकी म्हणजे झोप नव्हे. झोप गोधडीतच होती.

आणि चोराला अजून हाव होती. गोधडी झाली, उशी झाली, गादी झाली. आता त्याला ठकूचा पलंग हवा होता. पलंग काही टोपलीत मावत नाही. मग त्याने काय करावं? तो राजा होऊन आला.

राजा नदीवर आंघोळीला गेला होता. इकडे दारात हुबेहूब राजा. तीच पगडी, त्याच मिशा, तोच खोकला. पहारेकऱ्यांनी मुजरा केला. राणीने स्वयंपाकघरातून बघितलं आणि म्हणाली, पाय धुऊन या. राणीसुद्धा फसली बरं का. तो सरळ ठकूच्या दालनात गेला आणि गड्यांना म्हणाला, पलंग उचला, बाहेर न्यायचाय.

ठकू पलंगावर बसली होती. हळद्या उंबऱ्यावर डोकं ठेवून पडला होता. राजा दिसला तसा तो शेपूट हलवत उठला, पुढे गेला, नाक वर केलं. आणि शेपूट थांबली.

तो मागे आला. पलंग आणि तो माणूस यांच्यामधे उभा राहिला. आणि भुंकला.

पोटातून भुंकला. दिवाणखान्यातल्या हंड्या किणकिणल्या. माणसाची पगडी खाली पडली. दुसऱ्यांदा भुंकला, मिशा गळाल्या. तिसऱ्यांदा भुंकला आणि सगळं रूपच उतरलं. उभा राहिला एक वाळलेला, लाल डोळ्यांचा माणूस. ज्याने कधी तोंड उघडलं नाही तो भुंकतोय म्हटल्यावर सगळा वाडा धावत आला, कुणी पळी घेऊन, कुणी उलथनं घेऊन. ओल्या पंच्यानिशी खरा राजाही आला. हळद्याने त्याला बघितलं मात्र, अशी शेपूट हलवली की मागचा पाण्याचा तांब्या लवंडला. राजाची शपथ तिथेच मोडली. त्याने सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली.

हळद्या चावला नाही. चोराच्या धोतराचं टोक धरून बसून राहिला, बस्स.

राणीने चोराला विचारलं, सोनं सोडून पोराचं अंथरूण का रे न्यायचास? तो म्हणाला, मला झोप नाही. दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्याला सारखं वाटतं, आपल्याही घरात कुणीतरी शिरेल. गोधडी नेली, डोळा लागेना. उशी नेली, तरी लागेना. वाटलं, पलंगाने लागेल.

अरे, ती झोप ठकूच्या नावाने शिवलेली. त्याला कशी लागणार?

त्याच्या झोपडीत सगळं सापडलं. गादीवर लोणी उताणा पडला होता, चोराने त्याला दूधभाकरी घातली होती, चांगला गुबगुबीत केला होता. तो काही परत यायला तयार नव्हता. ठकू म्हणाली, राहू दे त्याला इथेच, या माणसाला कुणी नाही. मग राणीने आपल्या जुन्या लुगड्याची एक गोधडी शिवून चोराला दिली, आणि राजाने त्याला नदीवरच्या नावेचं काम दिलं. दिवसभर लोकांना पैलतीरी न्यायचं. लोक उतरताना त्याला बरं वाटेल असं काही बोलायचे, आणि त्याला झोप यायला लागली, स्वतःची.

आणि वाड्यात? त्या दिवसापासून रोज पहिलं पान हळद्याचं. राजा स्वतः वाढायचा. ठकू त्याच्या मोडक्या कानात काहीतरी सांगायची. काय, ते कुणाला कळलं नाही, पण उपकाराचंच असणार.

दिवे लागले. ठकू पलंगावर, खाली गादी, डोक्याखाली उशी, अंगावर गोधडी. हळद्या उंबऱ्यावर. आणि राजा-राणी? भांडत होते. राजा म्हणत होता, बघितलंस, वाघासारखा आहे. राणी म्हणत होती, गाईसारखा आहे. राजा म्हणाला, तरी आज मी जागा बसतो. राणी म्हणाली, तुम्ही पुष्कळ जागलात, मी बसते. सगळा वाडा जांभया देत उभा होता, यांचं कधी संपतंय म्हणून.

तेव्हा गोधडीतून एक डोकं बाहेर आलं. डोळे अर्धे मिटलेले.

"आबा, आई," ठकू म्हणाली, "हळद्या जागा आहे, आता सगळ्यांनी झोपा."