टिटवीचा जप

एका जंगलाला लागून उघडा माळ होता आणि त्या माळावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी तुम्ही पाहिली नसेल कदाचित, पण ऐकली मात्र नक्की असेल. पान हललं, की ही ओरडली. ढगाची सावली सरकली, की ही ओरडली. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणजे काय ते कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं या बाईंचीच शिकवणी लावावी. आता टिटवी काही घरटं बांधत नाही. उघड्यावर, खड्यांमध्येच अंडी घालते. अंडी खड्यांच्याच रंगाची असतात, त्यामुळे आई नुसती गप्प बसून राहिली तरी ती कुणाला दिसत नाहीत. पण गप्प बसणं हेच तर हिला जमत नव्हतं! मागच्या वर्षी माळाच्या टोकाला कोल्हा दिसला मात्र, ही ताडकन उडाली आणि अंड्यांवर घिरट्या घालत ओरडत सुटली. अंडी कुठे आहेत हे कोल्ह्याला तोवर ठाऊकही नव्हतं. चारही अंडी गेली. पुढे कितीतरी दिवस ती बिचारी त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसत असे.

यंदा पुन्हा चार अंडी झाली आणि टिटवीचा जीव टांगणीला लागला. ही चार तरी वाचायला हवीत, म्हणजे आपल्याला स्थिर बसता यायला हवं, एवढं तिला पक्कं कळलं होतं. ओढ्यात एक म्हातारं कासव होतं. ते रोज सकाळी दगडावर डोळे मिटून बसे, ते नाकावर माशी बसली तरी हलत नसे. टिटवीनं त्यालाच गाठलं. कासवानं सांगितलं, की श्वास आत येताना मनात 'सो' म्हणायचं, बाहेर जाताना 'हम्' म्हणायचं. मन मध्येच पळालं तर त्याच्यावर रागवायचं नाही, हळूच पुन्हा 'सो'पाशी आणून बसवायचं.

"एवढंच, आजोबा?" टिटवीनं विचारलं.

"एवढंच," कासव म्हणालं, "पण रोज."

टिटवी परत आली, अंड्यांवर बसली आणि मनात म्हणायचं ते विसरून तिनं मोठ्यानं 'सो' म्हटलं. तो असा काही कर्कश निघाला, की शेजारच्या झुडपातले दोन ससे जीव घेऊन पळाले. टिटवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतका पवित्र मंत्र आणि आपला हा आवाज! हे सगळं पळसाच्या फांदीवरून एक पोपट बघत होता. हा पोपट चार वर्षं एका मठात पिंजऱ्यात राहिलेला, त्यामुळे उच्चार अगदी खणखणीत. त्यानं टिटवीची समजूत घातली, की मोठमोठी माणसंसुद्धा जप स्वतः करत नाहीत, जाणकाराला सांगून करवून घेतात. तुम्ही अंड्यांवर बसा, जप मी करतो. दक्षिणा म्हणून रोज पिकलेली करवंदं तेवढी आणून द्या, म्हणजे झालं. टिटवीला हे फारच पटलं.

दुसऱ्या दिवसापासून पोपटाचा जप सुरू झाला. काय तो स्वर, काय ती लय! जाणारे-येणारे पक्षी थांबून ऐकू लागले आणि टिटवीची मान अभिमानानं ताठ झाली. फक्त करवंदांची जाळी होती टेकडीपलीकडे. सकाळचा निम्मा वेळ तिचा करवंदं वाहण्यातच जाई आणि तोवर अंडी उन्हात उघडी पडत. परत येऊन बसावं, तर कान पोपटाकडे. थांबला तर नाही ना? आज जरा भरभर उरकतोय का? आणि पान हललं की ही पहिल्यासारखीच ओरडे. मग पोपट नाराज होई आणि जपात व्यत्यय आणू नका म्हणून तिलाच दटावी.

वीस-बावीस दिवस असे गेले, तेव्हा टिटवी कासवाकडे तक्रार घेऊन गेली. एवढा जप झाला, एक दिवस खंड नाही, तरी मी होते तशीच! जप कोण करतंय, असं कासवानं विचारलं. टिटवीनं सगळं सांगितलं. कासव हसलं, हसता हसता त्याचं कवच दगडावर खडखड वाजलं.

"मग पोपट अगदी शांत झाला असेल," ते म्हणालं.

टिटवी रुसून निघून आली.

त्याच दिवशी कोल्हा माळावर आला. पोपट तेव्हा 'सो' म्हणत होता. 'हम्' तसाच चोचीत ठेवून तो भुर्रकन उडाला, तो थेट जंगलात. टिटवी एकटी उरली. किंकाळी गळ्यापर्यंत आली, पंख अर्धे उघडलेसुद्धा. मागच्या वर्षीची ती रिकामी जागा तिला डोळ्यांपुढे दिसली. आता जप करायला दुसरं कुणी नव्हतं. तिनं पंख मिटले आणि मनातल्या मनात 'सो' म्हटलं. पहिल्यांदा सगळा गोंधळच झाला. दोनदा 'सो' आला, 'हम्' राहूनच गेला, मध्येच मन करवंदांच्या जाळीवर जाऊन आलं. तिनं त्याला परत आणलं. कोल्हा दहा पावलं पुढे आला आणि कान टवकारून उभा राहिला. सो. हम्. तो आणखी पाच पावलं आला. सो. हम्. श्वास लांब होत गेला. भीती काही गेली नाही हो, पण जरा बाजूला सरकून बसली. आणि त्या शांततेत टिटवीला आजवर कधीच न ऐकलेलं काहीतरी ऐकू आलं. तिच्या पोटाखाली, अंड्याच्या आत, टुक टुक होत होतं. पिल्लू आतून कवच ठोकत होतं!

कोल्ह्यानं बराच वेळ वाट पाहिली. मग जांभई देऊन तो स्वतःशीच म्हणाला, "यंदा इथे काही नाही. असतं तर एव्हाना बाईंनी सारं गाव गोळा केलं असतं." आणि तो आला तसा निघून गेला.

दोन दिवसांनी चारही अंडी फुटली. टिटवीची पिल्लं मोठी चटपटीत. अंगावरची ओल वाळली न वाळली, तोच चौघंही माळभर दुडुदुडू पळू लागली. टिटवीला हसावं की रडावं तेच कळेना. बातमी ऐकून पोपटही आला, पण खाली मान घालून, लांबच बसला. करवंदांचं नावसुद्धा त्यानं काढलं नाही. टिटवीनं आपण होऊन त्याला जवळ बोलावलं. मग धीर करून त्यानं विचारलं, "ताई, मला तर तिथे क्षणभर थांबवलं नाही. तुम्ही कशा काय बसून राहिलात?"

"श्वास आत येताना मनात 'सो' म्हणायचं," टिटवी म्हणाली, "आणि बाहेर जाताना 'हम्'."

"ते तर मला पाठ आहे!"

"पाठ आहेच की," टिटवी हसून म्हणाली. "आता एकदा करून बघा."

तात्पर्य : आपला श्वास दुसऱ्याला घेता येत नाही, तसा आपला जपही दुसऱ्याला करता येत नाही. मंत्र सुरेल म्हटल्यानं नव्हे, स्वतः मनापासून म्हटल्यानं फळतो.